ओढ्याअलीकडचा गाडा

बोरवाडी,
माघ महिना, शके १८४०

प्रिय साखरा,

तुझं नाव असं उघड लिहिताना हात जरा बिचकला. घरात आजवर मी तुला "अगं" आणि "ऐकलं का" यापलीकडे हाक मारली नाही, आणि तू तर मला तेवढीही मारली नाहीस. तू आपली बांगड्या वाजवायचीस आणि मी समजून घ्यायचो. पण कागदावर कोण बघायला येतंय! म्हणून पुन्हा एकदा लिहितो, साखरा. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं तुझ्याकडून गिरवून घेतली होती, तेवढी तुला अजून ओळखता येत असतील अशी आशा आहे. एखादं जोडाक्षर अडलं तर सोडून पुढं जा, पण हे पत्र तुझ्या भावाच्या हातात देऊ नकोस. एका बैठकीत झालं नाही तर चार बैठकींत वाच, मात्र तूच वाच.

पत्र सिदू आणून देईल. त्याच्या मेंढ्यांना कुठल्याच गावची शीव नाही, म्हणून आपल्या दोन्ही गावांत ये-जा करणारा आता तो एकटाच उरला आहे. चार दिवसांमागं त्यानं तुझ्या वडिलांचा, मामांचा निरोप आणला, की पोरीला चौथा महिना लागला, न्यायला कधी येता ते कळवा. निरोप एवढाच होता, पण सिदूला निरोप जसाच्या तसा सांगून समाधान होत नाही हे तुला ठाऊकच आहे. म्हणाला, "मामा लई नाराज हायेत. बाई तर नुसतं पोरीला थोपटीत बसतेत." मग माझं तोंड उतरलेलं बघून त्यानं पुढं जोडलं, "पोरगी ग्वाड हाय, पर नाक तुमचं घेतलंया बिचारीनं." मी हसलो. खरं सांगतो, कितीतरी दिवसांनी हसलो. तो मेंढ्या हाकत पांदीत शिरला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आपल्या लेकीचं नाव काय ठेवलं हे त्याला विचारायचंच राहिलं. बारशाला बाप नाही, आणि नावही ठाऊक नाही. तू रागावली आहेस, आणि तुझा राग खरा आहे. तीन कोसांवर नवरा आहे, दिवाळीत लेक झाली, संक्रांत गेली, आणि तो एकदाही फिरकला नाही. खडकीतल्या बायका तुला काय काय विचारत असतील याचा विचार करून मला घास गोड लागत नाही.

आधी जालन्याचं सांगून टाकतो. जालन्याला आपण जायचं नाही. कापसाच्या जिनातली ती जागा मी नाही म्हणून कळवली. तुझा जीव तिकडं किती गुंतला होता ते मला ठाऊक आहे. तुला आगगाडी बघायची होती. त्याहून जास्त तुला ती एक खोली हवी होती, जिथं थोरला दीर नाही, आणि दिवसभर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून चुलीतला धूर डोळ्यांत घ्यायचा नाही. शेवटच्या दिवशी, तुला पोचवायला गाडी जुंपत होतो तेव्हा तू दाराआडून हळूच म्हणालीस, "आता येईन ती जालन्यालाच." मी मान डोलावली होती. उर्दूचं चार इयत्तांचं शिक्षण शेणात घालवायचं नाही असं मीच तुझ्यापाशी दहादा बोललो असेन. तेव्हा मला हे गाव अंगात आखूड झालेल्या सदऱ्यासारखं वाटायचं. कधी एकदा काढून टाकतो असं झालं होतं. आता त्याच गावात राहायचं ठरवलं आहे. का ठरवलं, ते लिहितो.

दादा गेला हे तुला मामांनी सांगितलं असेल. त्याच्या सुग्रीवचं सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. बाळंतिणीला वाईट सांगू नये म्हणतात. पण आता तुझा सव्वा महिना कधीच उलटला, आणि मी लपवलं तर ते तुला कोणाच्या तरी तोंडून आपल्याच दारात कळेल. आपला सुग्रीवही गेला, साखरा. दादाच्या आधी गेला. तुझ्या पाठीमागं पाठीमागं करणारा, तू माहेरी निघालीस तेव्हा गाडीच्या साठ्याला लोंबकळून पार मारुतीच्या पारापर्यंत आलेला. इथं थोडं थांब. डोळे पूस आणि मग पुढं वाच.

दसऱ्याच्या आगेमागे मानमोडी आली. नेकनूरच्या बाजारातून आलेल्यांनी आणली म्हणतात. सकाळी माणूस औताला जायचा आणि दुपारी मान टाकून बांधावर बसायचा. अंग फणफणायचं, ओठ निळे पडायचे, आणि दोन-तीन दिवसांत आटपायचं. म्हाताऱ्यांना तिनं सोडलं, धडधाकट तरणे उचलले. घराघरांत सगळेच आडवे, पाणी पाजायला कोणी उठेना. सरणाला लाकूड पुरेना म्हणून लोकांनी खाटा, मोगडे-पाभरींसारखी लाकडी औतं, जे हाताला लागलं ते जाळलं. पावसानं आधीच हात आखडला होता, त्यात हे. कार्तिकात कपिलधारेच्या जत्रेला एरवी गावातून गाड्या निघतात, यंदा त्या वाटेला एकही चाकोरी उमटली नाही. मीही पडलो होतो. आई असती तर जवळ बसली असती. आई नाही, म्हणून वहिनी एक पाय सुग्रीवकडं आणि एक पाय माझ्याकडं अशी धावत होती. मी वाचलो ते तिच्या हातच्या काढ्यानं. पण मी पडून असल्यामुळं पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. ते सिदूनं माळावरून बघितलं आणि गावानं तर आजवर मला शंभरदा ऐकवलं आहे.

मरीआईचा गाडा तुला काय सांगायचा! तुझ्या माहेरीही तीच रीत आहे. एक दिवस सकाळी वरच्या गावानं तिचा गाडा आपल्या शिवेत आणून सोडलेला दिसला. तो छोटासा लाकडी गाडा, त्यात हिरव्या खणातली मूर्ती, लिंबं, बांगड्या. रोगराईची ही देवी गावात मुक्कामाला राहू द्यायची नसते. ज्याच्या शिवेत ती सापडेल त्यानं तिची ओटी भरायची, कोंबडं द्यायचं, हलगी वाजवत गावातून मिरवायची, आणि दिवस मावळायच्या आत पुढच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायची. सोडून परत येताना मागं वळून बघायचं नाही. पुढचं गाव ती त्याच्या पुढच्या गावाला देणार. लहानपणी मी गाड्यामागं नाचत गेलेलो आहे, मला ती जत्राच वाटायची. असं करत करत ती अखेर कुठं जाते, आणि सगळ्यात शेवटच्या गावानं काय करायचं असतं, हे मी कधी विचारलं नाही. मोठ्यांनाही कोणी विचारलं नसावं.

आणि गाड्याची दांडी धरायचा मान आपल्या घराचा. आजोबांनी धरली, आबांनी धरली, आबांच्या मागं दादाकडं आली. गावातले जे उभे राहू शकत होते ते सगळे त्या दिवशी निघाले. हलगीवाला तापानं लटपटत होता, तरी वाजवत होता. बायांनी ओट्या भरल्या. गाडा मावळतीच्या शिवेकडं, ओढ्याकडं निघाला. ओढ्यापलीकडं पुढचं गाव कोणतं, ते तुला सांगायला नको. खडकी. तू तेव्हा खडकीत होतीस, दिवस भरत आले होते.

ओढ्याच्या काठाशी दादानं दांडी खाली ठेवली. सगळ्यांना वाटलं दम घेतोय. त्यानं वाकून चाकाची खीळ उपसली आणि ओढ्याच्या डोहात भिरकावली. चाक निखळलं, गाडा एका अंगावर कलला. भगवानराव पाटील पुढं आले आणि ओरडले, "रामहरी, येडा झालास का बे? गाव मरंल!" दादा म्हणाला, "गाव तिकडंबी हाय, पाटील." मग सगळ्या गावासमोर तो जे बोलला, ते जसंच्या तसं लिहितो. तो म्हणाला, "पल्याड आमच्या धाकल्याची बायकू हाय, दोन जिवाची. म्या हिला तिच्या दारात न्हाई नेनार."

साखरा, या माणसानं तीन वर्षांत तुझं तोंड बघितलं नव्हतं. तो ओसरीवर आला की तू माजघरात, तू अंगणात आलीस की तो खाकरून मागं वळायचा. तुला काही सांगायचं झालं तर भिंतीकडं बघून वहिनीला सांगायचा. त्याचा आवाज तुला ठाऊक, पण त्या आवाजातला एक शब्दही कधी तुझ्यासाठी नव्हता. एवढी वर्षं राखलेली रीत त्यानं त्या एका दिवशी मोडली, तीही साऱ्या गावासमोर. मला त्यानं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो हे मला आजही सांगता येत नाही. मी तापात होतो, आणि ते एका परीनं बरं झालं असं कधी कधी वाटतं.

कललेल्या गाड्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. देवी जिथं बसली तिथं बसली. पाटलांनी काठी टेकून सांगितलं, "आडवलीस न्हवं? मग आता ही तुज्या घरची. तूच संभाळ." हलगी थांबली. लोक परत निघाले, आणि मागं वळून बघायचं नसतं तरी सगळे वळून वळून बघत होते, असं सिदू सांगतो. दादानं तिथंच दगड रचून ओटा केला, गाडा सरळ केला, दिवा लावला आणि घरी आला. वहिनीला एवढंच म्हणाला, "न्हाई वढला." ती सुग्रीवच्या कपाळावर ओली चिंधी बदलत होती.

दुसऱ्या दिवशी सुग्रीव वहिनीच्या मांडीवर गेला. तुला कल्पना येईल गाव काय म्हणालं असेल. अडवणाऱ्याचंच तिनं पहिलं उचललं म्हणाले. मग एकामागून एक माणसं जात राहिली, आणि दर मौतीला लोक आपल्या दारावरून, मुद्दाम लांबचा वळसा घालून, तिरडी न्यायचे. दादा ओसरीवर उभा राहायचा. आत येऊन बस असं वहिनी म्हणायची, पण तो उभाच राहायचा. बायडाचा नवरा गेला तेव्हा तिनं तिरडी खाली ठेवायला लावली आणि तोंडाला येईल ते दादाला बोलली. तो खाली मान घालून सगळं ऐकत होता. तोवर मी भिंत धरून उठू लागलो होतो, तेव्हा हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दादा दिवाळीच्या तोंडावर पडला आणि दोन दिवसांत गेला. खांदा द्यायला मी, सिदू आणि सिदूचा चुलता, चौथा माणूस मिळेना. शेवटी पाटील आले आणि तिरडीची एक बाजू उचलली. घरचा नांगर आणि दोन्ही पाभरी दादाबरोबर जाळल्या. त्याच आठवड्यात सिदूनं येऊन सांगितलं, की खडकीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. वहिनी शेजारी बसली होती. ती उठून आत गेली आणि दळायला बसली. जात्यात दाणे होते की नव्हते कोण जाणे.

तू विचारशील, मानमोडी खडकीला आली नाही का? आली होती ना. ती काही गाड्याची वाट बघत शिवेवर थांबलेली नव्हती. बाजाराच्या वाटेनं ती आधीच तुमच्याकडं पोचली होती. तुमच्याकडंही माणसं गेली, पण आपल्यापेक्षा कमी, आणि गाव तेवढंच धरून बसलं आहे. बघा म्हणतात, देवी इथं अडकली म्हणून खडकी वाचली. मला खरं काय ते कळत नाही. उर्दू शिकलो म्हणून या गोष्टीला हसायची मला सवय होती. आता हसू येत नाही. दादानं तुला वाचवलं, की काहीच केलं नाही, की गावावर ओढवून घेतलं, हे मी कितीही वेळ विचार केला तरी सुटत नाही. एवढं कळतं की तो जे समजत होता ते समजून त्यानं ते केलं. दोन्ही बाजूंना माणसंच आहेत हे त्याला दिसत होतं, आणि त्यातली कोणती आपली म्हणायची हे त्याला ठरवावं लागलं.

दादाचा तेरावा झाल्यावर चावडीवर गाव बसलं. ठरलं असं, की ज्या घरानं गाडा अडवला त्या घरच्या कर्त्या पुरुषानं मंगळवारी-शुक्रवारी देवीला निवद दाखवायचा, आणि त्यानं शीव ओलांडायची नाही. कारण तो जिथं जाईल तिथं ती त्याच्या पावलामागं जाईल. जन्मभर. घरचा कर्ता पुरुष आता मी. म्हणून मी खडकीला आलो नाही, साखरा. मामांच्या दारात मी येऊन उभा राहिलो असतो, आणि उद्या तुमच्या गल्लीत कोणाला नुसती शिंक आली असती, तरी लोकांनी बोट तुझ्याकडं दाखवलं असतं.

असं वाटू देऊ नकोस की मी मुकाट्यानं मान्य केलं. मी लई तडफडलो. पौषात एक दिवस मी धोतर-सदरा फडक्यात बांधला आणि निघालो. ठरवलं होतं, खडकीवरून तुला आणि पोरीला घ्यायचं आणि तसंच जालना गाठायचं. गाव गेलं खड्ड्यात. ज्यांनी माझ्या भावाला खांदा दिला नाही त्यांचं मी काय देणं लागतो? ओढ्याशी आलो तर ओट्यापाशी बायडा बसलेली. तीच जी दादाला बोलली होती. भाकरी आणि चटणी आणून देवीपुढं ठेवली होती आणि तोंडानं दादाच्या नावानं शिव्यांची लाखोली चालली होती. निवद आणि शिव्या दोन्ही एकदम. माझ्या हातातलं गाठोडं बघून ती थांबली. म्हणाली, "निघालास व्हय? जा की. तुज्या भावाला म्या रोज शिव्या देते, पर त्यो हुबा ऱ्हाऊन खायचा तरी. तूबी गेलास तर म्या कुनाला देऊ?"

मी तिथंच बसलो. मला रडू फुटलं, आणि बायडापुढं फुटलं याची लाजही वाटली नाही. ती आपली शिव्या देत राहिली, आता मला. थोड्या वेळानं भाकरीचा कोर मोडून तिनं माझ्यापुढं टाकला, कुत्र्यापुढं टाकावा तसा, आणि घागर उचलून गेली. मी तो खाल्ला आणि परत आलो.

तेव्हापासून मी काम करतो आहे. यंदा ज्वारी गुडघ्याएवढीच आहे, कणसं पोचट आहेत, पण जी आहे ती काढायला पुरुष नाही अशी घरं गावात पुष्कळ. एरवी अशा वेळी इर्जिक घालतात. गावातले सगळे एकाच्या शेतात उतरतात, हलगी वाजते, आणि संध्याकाळी ज्याचं शेत त्याच्या घरी पुरणाचं जेवण. मला इर्जिकीला कोणी बोलवत नाही, म्हणून मी न बोलवताच जातो. पहिल्यांदा बायडाच्या वावरात गेलो. ती बांधावर येऊन बघून गेली. दुपारी बांधावर भाकरी झाकून ठेवलेली होती. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. एकानं मला काठी घेऊन हाकललं, मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. सगळेच काही विरघळले नाहीत, आणि मला तशी आशाही नाही. पाटील परवा विळा घेऊन माझ्या शेजारच्या ओळीला लागले, तासभर काम केलं आणि मागं न बघता निघून गेले. जन्मभर असंच चालेल असं धरून मी चाललो आहे. पण हे मी कोणाच्या धाकानं करत नाही, हे तुला नीट कळावं. शीव ओलांडायला मला आजही कोणी साखळदंड घातलेले नाहीत. दादा ओसरीवर उभा होता, त्या जागी आता कोणीतरी उभं राहायला हवं, नाहीतर तो त्या दिवशी नुसताच चुकला असं होईल. आणि वहिनी आहे, सुग्रीवची लहानगी बहीण तुळजा आहे. त्यांना या लोकांच्या नजरेत एकटं टाकून मी जालन्यात कापूस तोलत बसलो असतो, तर मला भाकरी गिळवली नसती.

आता मामांच्या निरोपाचं. सिदूनं तो ओसरीवरच सांगितला, वहिनीच्या कानावर गेला. तुझं नाव या घरात दिवाळीपासून कोणी काढलेलं नाही, मीही नाही. वहिनीनं एकदाही तुला दोष दिला नाही, आणि माझ्या मनात भीती हीच होती, की जे ती बोलत नाही ते तिच्या पोटात असणार. तू आलीस तर ती तुळजेला घेऊन सिरसाळ्याला भावाकडं कायमची निघून जाईल असं मी धरून चाललो होतो. भाऊ तिला ठेवील, पण वहिनी दुसऱ्याच्या चुलीवर जगणारी बाई नाही. तिला घालवून मी तुला आणायचं कोणत्या तोंडानं? आणि तिच्यासाठी तुला माहेरी टाकायचं, तेही कोणत्या तोंडानं? मामांना मी उत्तर पाठवलं नाही ते यामुळं. दोन दिवस मी ज्वारीच्या पेंढ्या बांधत होतो आणि सोडत होतो.

काल सकाळी वहिनी खळ्यावर आली. सूप हातात होतं. पाठमोरी उभी राहून वारं देता देता म्हणाली, "भावजी, लिवा तिला. ये म्हनावं. तिचं घर हाय." मी उपणायचा थांबलो. ती थांबली नाही. "म्या दळीन, रांधीन, तिला न्हाऊ घालीन. बायडी काय बोलली तर बायडीला बघून घेईन. पर पोरीला मांडीवर न्हाई घेनार म्या. तेवढं मला मागू नगा. मला जमायचं न्हाई." सूप रिकामं झालं तेव्हा ती खाली बसली, आणि मला वाटलं आता रडेल. रडली नाही. मला म्हणाली, "आन् समदं सांगून बोलवा. माज्या तोंडनं कळायच्या आधी तुमच्या हातचं वाचू दे तिला."

म्हणून हे पत्र, साखरा. आता तुला सगळं ठाऊक आहे. यायचं नाही असं तुला वाटलं तर मी तुला बोल लावणार नाही, पण मी इथून हलणार नाही हे धरून काय ते ठरव. तू यावंस असं मला फार वाटतं. येणार असशील तर शिवरात्र झाल्यावर मामांना ओढ्यापर्यंत गाडी आणायला सांग. मी अलीकडं उभा असेन, पलीकडं येणार नाही, ते मामांना समजावून सांग. ओट्यापाशी बाया असतील, त्या बोलतील, तू पदर घे आणि चालत राहा. घरी आलीस की रीत अशी, की नवं लेकरू आधी घरातल्या थोरल्या बाईच्या ओटीत घालायचं. ती रीत तू करू नकोस. वहिनी समोर असली तरी करू नकोस. आज नाही, पुढच्या वर्षी नाही, ती आपणहून हात पुढं करीपर्यंत नाही, आणि ती कधीच करणार नाही असं समजूनच ये. उंबरा ओलांडलास की पोर सरळ माझ्या हातात दे. चारचौघांत बाप लेकरू घेत नाही, लोक हसतील. हसू देत.

तुझाच,
त्रिंबक